शृंगारपट आणि साहित्याची ढाल
(इटालियन चित्रपटसृष्टीतील एका प्रकरणाचा विचार)

१

साहित्यकृतीवरून चित्रपट करणे ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. कादंबरी श्रेष्ठ की चित्रपट श्रेष्ठ, रूपांतरात मूळ कृतीचे काय हरपते, या प्रश्नांची चर्चा आपल्या नियतकालिकांतून व अभ्यासमंडळांतून पुष्कळ झाली आहे. परंतु या चर्चेत बहुधा नामांकित चित्रपटांचाच विचार होतो. ज्यांना आपण गल्लाभरू म्हणून बाजूस सारतो, त्या चित्रपटांनीही साहित्याकडे हात पसरलेला असतो. आणि तो का पसरला याचा शोध घेऊ लागले म्हणजे कायदा, बाजार आणि वाङ्मय यांच्या परस्परसंबंधाविषयी बरेच काही हाती लागते. इटलीत साधारणतः १९७० ते १९९० या दोन दशकांत निघालेल्या शृंगारपटांचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

येथे शृंगारपट हा शब्द कोणत्या अर्थाने योजला आहे, ते आरंभीच सांगितले पाहिजे. ज्यांत कथानक आहे, पात्रे आहेत, कुटुंब, विवाह, मत्सर, व्यभिचार यांतून निर्माण होणारा नाट्यमय संघर्ष आहे, आणि ज्यांचे मुख्य आकर्षण म्हणून नग्नतेची व कामक्रीडेची दृश्ये योजलेली आहेत, असे चित्रपट येथे अभिप्रेत आहेत. कथेचा केवळ बहाणा करून संभोगाचे उघड चित्रण करणारे चित्रपट निराळे. त्यांसाठी इटलीत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वेगळी चित्रगृहेच निघाली.

या शृंगारपटांच्या श्रेयनामावलीकडे पाहिले तर वाङ्मयाच्या अभ्यासकाला आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शक तिंतो ब्रास. त्याचा १९८३ चा 'ला क्यावे', म्हणजे 'किल्ली', हा चित्रपट जपानी कादंबरीकार तानिझाकी याच्या १९५६ च्या 'कागी' या कादंबरीवर आधारलेला आहे. १९८५ च्या 'मिरांदा'ला गोल्दोनीच्या 'ला लोकांदिएरा' या १७५३ च्या सुखात्मिकेचा आधार आहे. १९८७ चा 'काप्रिच्चो' हा मारिओ सोल्दाती याच्या 'लेत्तेरे दा काप्री' या कादंबरीवरून घेतला असून त्या कादंबरीस १९५४ साली इटलीतील मानाचे स्त्रेगा पारितोषिक मिळाले होते. १९९४ चा 'लुओमो के ग्वार्दा' हा आल्बेर्तो मोराव्हिआच्या कादंबरीवरून केलेला आहे. ही यादी सहज वाढविता येईल. प्रश्न असा की, ज्या चित्रपटांचा प्रेक्षक कादंबरीचे नाव पाहून तिकीट काढीत नव्हता, त्यांना एवढ्या मोठ्या ग्रंथकारांची गरज का भासावी?

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर इटलीच्या कायद्यात सापडते. १९३० साली फॅसिस्ट राजवटीत तयार झालेली दंडसंहिता पुढे प्रजासत्ताक आल्यावरही चालू राहिली. तिच्या ५२९ व्या कलमात अश्लीलतेची व्याख्या दिली आहे. सर्वसामान्य जनांच्या भावनेप्रमाणे लज्जेला जे बाधा आणते ते अश्लील, असा तिचा आशय आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदात मात्र कलाकृती किंवा शास्त्रीय कृती अश्लील समजली जाणार नाही, असे म्हटले आहे; अपवाद एवढाच की, अभ्यासाव्यतिरिक्त अन्य हेतूने ती अठरा वर्षांखालील व्यक्तीला विकली वा पुरविली तर ही सवलत लागू होत नाही. १९४८ च्या घटनेतही हाच दुपेडीपणा दिसतो. २१ व्या कलमाने सदभिरुचीस विघातक अशा प्रयोगांना मनाई केली, तर ३३ व्या कलमाने कला, शास्त्र आणि त्यांचे अध्यापन ही स्वतंत्र असल्याचे घोषित केले.

या तरतुदींचा व्यवहारातील परिणाम उघड होता. एखाद्या कृतीवर खटला झाला की वादाचा सारा रोख एकाच प्रश्नावर येई : ही कलाकृती आहे की नाही? आणि कलाकृती आहे असे सिद्ध करण्यास मान्यवर ग्रंथकाराचे नाव, थोर संगीतकाराची साथ, ऐतिहासिक काळाची पार्श्वभूमी, नामवंत नटांची योजना, या साऱ्या गोष्टी उपयोगी पडत. साहित्य ही अशा रीतीने एक ढाल बनली.

ही ढाल बाळगण्याची आवश्यकता निर्माते व वितरक यांस का वाटे, हे समजण्यासाठी परिनिरीक्षणाची पद्धतही पाहिली पाहिजे. १९६२ च्या १६१ क्रमांकाच्या कायद्याने चित्रपट प्रदर्शित करण्यापूर्वी सरकारी समितीचा परवाना घेणे आवश्यक ठरविले होते. समिती परवाना नाकारी, किंवा चौदा वा अठरा वर्षांखालील प्रेक्षकांस मनाई करून तो देई. परंतु परवाना मिळाला म्हणजे निर्माता निर्धास्त झाला असे नव्हे. परवाना मिळालेला चित्रपटही सरकारी अभियोक्ता न्यायालयामार्फत जप्त करवू शकत असे, आणि एका गावच्या अधिकाऱ्याने केलेल्या जप्तीमुळे साऱ्या देशातले खेळ बंद पडत.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बेर्नार्दो बेर्तोलुच्ची याचा १९७२ चा 'पॅरिसमधील अखेरचा टँगो'. हा गल्लाभरू दिग्दर्शक नव्हता. मोराव्हिआच्या कादंबरीवरील त्याचा 'इल कोन्फोर्मिस्ता' त्यापूर्वीच समीक्षकांनी वाखाणला होता. 'टँगो' डिसेंबर १९७२ मध्ये इटलीत प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत जप्त झाला. बोलोन्या येथील न्यायालयाने १९७३ साली प्रथम निर्दोष ठरविलेला हा चित्रपट अपिलात दोषी ठरला, आणि २९ जानेवारी १९७६ रोजी देशाच्या अंतिम अपील न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याच्या आदेशावर शिक्कामोर्तब केले. राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालयात काही प्रती तेवढ्या राहिल्या. बेर्तोलुच्चीला स्थगित कारावासाची शिक्षा झाली आणि पाच वर्षांसाठी त्याचा मताधिकारही गेला. पुढे १९८७ साली न्यायालयानेच हा चित्रपट अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला. एकच कृती, एकच कायदा, आणि अकरा वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरुद्ध निर्णय. या अनिश्चिततेत जो तो आपापल्या परीने कलेचा परवाना शोधू लागला, यात नवल नाही.

३

दुसरे उत्तर बाजाराकडून मिळते. इटालियन चित्रपटधंद्यात 'फिलोने' असा एक शब्द रूढ आहे. खाणीतील धातूची शीर, असा त्याचा अर्थ. एखादा चित्रपट अनपेक्षितपणे यशस्वी झाला की त्याच धर्तीचे चित्रपट घाईघाईने निघत, आणि शीर संपेपर्यंत खणणे चालू राही. रोमन व ग्रीक वीरांच्या कथा, इटलीत बनविलेले काउबॉयपट, रहस्यपट, हे सर्व अशाच शिरा होत. प्रदेशोप्रदेशीचे वितरक चित्रपट तयार होण्यापूर्वीच निर्मात्याला उत्पन्नाची हमी देत, आणि तिच्या आधारावर भांडवल उभे राही. परिचित वस्तूलाच अशी हमी मिळे; त्यामुळे अनुकरण हा या धंद्याचा पायाच होता.

शृंगारपटांची एक मोठी शीर उघडली ती पिएर पाओलो पाझोलिनी या कवी-दिग्दर्शकाच्या हातून. १९७१ साली त्याने बोकाच्चोच्या 'देकामेरोन'वरून चित्रपट केला. १३४८ च्या प्लेगपासून दूर जाऊन राहिलेल्या दहा तरुण स्त्रीपुरुषांनी दहा दिवसांत सांगितलेल्या शंभर कथा, हे या चौदाव्या शतकातील ग्रंथाचे स्वरूप वाचकांस ठाऊक असेलच. पाझोलिनीने त्यांतील निवडक कथा नापोलीच्या बोलीत आणि सामान्य माणसांच्या चेहऱ्यांतून उभ्या केल्या. भांडवलशाही जगाने अद्याप बाटविलेले नाही असे साध्या लोकांचे शरीर, त्यांचे हसणे, त्यांची वासना, हा त्याच्या दृष्टीने निषेधाचा एक प्रकार होता. बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटास पारितोषिक मिळाले, आणि त्याचबरोबर तो अतिशय लोकप्रियही झाला. झाले! पुढच्या दोन वर्षांत बोकाच्चोचे नाव घेऊन डझनांनी स्वस्त चित्रपट निघाले. मठातील जोगिणी, फसलेले नवरे, खिडकीतून पळणारे प्रियकर, हाच मालमसाला पुनःपुन्हा वाढला गेला. इटालियन भाषेत या चित्रपटांना 'देकामेरोतिको' असे जोडनावच पडले.

या घटनेचा पाझोलिनीवर झालेला परिणाम विचार करण्यासारखा आहे. चॉसरच्या कथा आणि अरबी सुरस कथा यांवर आणखी दोन चित्रपट केल्यानंतर, १९७५ च्या जून महिन्यात, त्याने या तिन्ही चित्रपटांचा त्याग करणारे निवेदन लिहिले. ज्या शरीराला आपण निरागस मानले, त्यालाच उपभोगप्रधान सत्तेने गिळंकृत केले; लैंगिक मोकळीक म्हणून जे दिले गेले ते वरून लादलेले खोटे औदार्य आहे, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्याच वर्षी २ नोव्हेंबर रोजी त्याचा खून झाला. पाझोलिनीची सर्व मते मान्य केलीच पाहिजेत असे नाही. परंतु परिनिरीक्षकांच्या विरोधाने जो डगमगला नाही, तो अनुकरणकर्त्यांच्या उत्साहाने हताश झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशीच दुसरी शीर फ्रान्सकडून आली. १९७४ च्या 'एमान्युएल' या फ्रेंच चित्रपटाच्या यशानंतर इटलीत 'काळी एमान्युएल' निघाली. मूळ नावात 'म'चे द्वित्व आहे. इटालियन निर्मात्यांनी एक 'म' गाळून हक्कांची अडचण टाळली. नायिका झालेली लाउरा गेम्सेर ही जावा बेटात जन्मलेली. काळी हे विशेषण तिच्या वर्णाला किंवा वंशाला लागू पडते की नाही, याची फिकीर कोणी केली नाही. दूरदेशीची स्त्री एवढाच अर्थ बाजाराला पुरेसा होता. या मालिकेतील अनेक चित्रपट ज्याने केले तो जो दामातो, खरे नाव आरिस्तिदे मास्साच्चेसी, हा मूळचा कुशल छायालेखक. प्रकाशयोजनेचे ज्ञान, वेग आणि काटकसर यांच्या बळावर त्याने पुढे स्वतःची निर्मितिसंस्था चालविली. अशा माणसांच्या अंगी कसब नव्हते असे कोणी म्हणू नये. कसब होते, पण ते कशाला जुंपावयाचे हे शीर ठरवीत होती.

४

हा धंदा ढासळला कसा, हेही थोडक्यात पाहू. १९५५ साली इटलीत चित्रपटांची सुमारे ८२ कोटी तिकिटे खपली होती. १९७५ पर्यंत हा आकडा ५१ कोटींच्या आसपास उतरला होता, तरीही तो मोठाच होता. २८ जुलै १९७६ रोजी घटनान्यायालयाने आपल्या २०२ क्रमांकाच्या निर्णयान्वये स्थानिक पातळीवर खाजगी दूरचित्रवाणीस मोकळीक दिली. शेकडो लहानमोठी केंद्रे निघाली, आणि दिवसरात्र चित्रपट दाखवू लागली. १९८० साली तिकिटांची संख्या २४ कोटींवर आली, आणि १९८५ साली १२ कोटींच्या घरात. तीस वर्षांपूर्वीच्या प्रत्येक सात तिकिटांमागे आता एकच तिकीट खपत होते. सर्वांत मोठा फटका बसला तो दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे चित्रपट दाखविणाऱ्या लहान गावांतील आणि उपनगरांतील चित्रगृहांना. आणि अनुकरणपटांचा खरा आधार तीच होती.

अशा वेळी घरच्या पडद्यावर जे दिसत नाही ते चित्रगृहात दाखवावयाचे, एवढा एकच मार्ग अनेक निर्मात्यांना दिसला. म्हणूनच उतरत्या काळात शृंगारपटांचे प्रमाण वाढले. त्यांच्या मागे सुबत्तेपेक्षा हलाखीची प्रेरणा अधिक होती. तथापि हा मार्गही फार काळ खुला राहिला नाही. १९९० च्या २२३ क्रमांकाच्या प्रक्षेपणविषयक कायद्याने अठरा वर्षांखालील प्रेक्षकांस मनाई असलेले चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यास बंदी केली. आता निर्मात्याचे बरेचसे भांडवल दूरचित्रवाणीकडून येत होते. सर्वांसाठी खुला नसलेला चित्रपट तोट्याचा ठरू लागला. व्हिडिओफितींमुळे उरलेसुरले प्रेक्षकही घरी बसले. परिनिरीक्षकाने जे काम तीस वर्षांत केले नव्हते ते हिशेबाच्या वहीने थोड्या काळात केले. १९६२ च्या कायद्याची परिनिरीक्षण-पद्धती २०२१ साली संपूर्णतः रद्द झाली. तेव्हा ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने गाजली ते चित्रपट केव्हाच इतिहासजमा झाले होते.

५

आता साहित्याच्या या ढालीमागे खरोखर काय होते, ते दोन चित्रपटांच्या तुलनेने पाहू.

लुकीनो विस्कोंती याचा अखेरचा चित्रपट 'लिन्नोचेंते', म्हणजे 'निष्पाप', दान्नुन्त्सिओच्या १८९२ च्या कादंबरीवर आधारलेला आहे. मार्च १९७६ मध्ये दिग्दर्शकाच्या निधनानंतर तो प्रदर्शित झाला. तुल्लिओ हा उमराव पत्नीला, जुलियानाला, बहिणीसारखी मानून उघडपणे दुसऱ्या स्त्रीच्या मागे असतो. पत्नीच्या जीवनात कोणी दुसरा पुरुष आला असावा असा संशय येताच त्याला तिच्याविषयी वासना वाटू लागते. एका निवांत बागबंगल्यात त्या दोघांचे मीलन होते. हे दृश्य विस्कोंतीने आडपडदा न ठेवता चित्रित केले आहे. परंतु त्यानंतर लवकरच तुल्लिओला कळते की पत्नी गर्भवती आहे आणि मूल आपले नव्हे. या एका वार्तेने मागील दृश्याचा अर्थ पालटतो. ज्याला तो प्रेमाचा पुनर्जन्म समजला ते केवळ मालकीच्या जाणिवेचे उफाळणे होते, हे प्रेक्षकाला उमगते, आणि त्यातूनच पुढे त्या निष्पाप अर्भकाची हत्या घडते. ते शृंगारदृश्य काढून टाकले तर शोकात्मिकेचा कणाच मोडेल.

याउलट ब्रासचा 'ला क्यावे'. तानिझाकीच्या कादंबरीत एक प्रौढ प्राध्यापक आणि त्याची पत्नी इकुको, दोघेही गुप्तपणे दैनंदिनी लिहितात. आपली दैनंदिनी दुसऱ्याने वाचावी अशी प्रत्येकाची इच्छा असते, आणि ती वाचली नाही असा प्रत्येकाचा बहाणा असतो. किल्ली मुद्दाम टाकून ठेवलेली असते. नवरा मत्सरातून उत्तेजना शोधतो, मुलीसाठी योजलेल्या तरुणाला पत्नीच्या जवळ आणतो, आणि अखेर त्या अतिरेकातच मरण पावतो. शेवटी वाचकाला कळते की पत्नीच्या दैनंदिनीतील पुष्कळसा मजकूर हेतुतः खोटा होता. या कादंबरीतील शृंगार शरीरापेक्षा वाचनात अधिक आहे. कोण कोणासाठी लिहितो आणि काय लपवितो, याचाच तो खेळ आहे. आणि वाचक स्वतःही दुसऱ्याची दैनंदिनी वाचीत असल्यामुळे त्या खेळात सामील होतो.

ब्रासने ही कथा १९४० च्या सुमाराच्या व्हेनिसमध्ये आणली. ही योजना कल्पक आहे. बाहेर फॅसिस्ट राजवटीचा गाजावाजा आणि घरात दांपत्याचे गुपित, असा विरोध त्याने साधला आहे. स्तेफानिया सांद्रेल्लीचा अभिनय संयत आहे, आणि एन्निओ मोर्रिकोनेचे संगीतही आहे. परंतु कॅमेऱ्यासमोर जे येते ते वस्तुस्थिती म्हणून येते. कादंबरीत जे कदाचित खोटे असेल ते पडद्यावर घडलेलेच दिसते. दैनंदिनीतील संशय नाहीसा झाला की उरतो तो शरीराचा देखावा. 'मिरांदा'तही असेच झाले. गोल्दोनीची मिरांदोलिना स्त्रीद्वेष्ट्या सरदाराला नमविते ती आपल्या बुद्धीने आणि बोलण्याच्या चातुर्याने. चित्रपटातील खाणावळवालीजवळ देह आहे, वाक्चातुर्य फारसे नाही. सुखात्मिकेचा प्राणच गेला, नाव तेवढे राहिले.

आपल्या साहित्यशास्त्राला हा भेद अपरिचित नाही. मम्मटाने अश्लीलता हा काव्यदोष मानून व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तिचे तीन प्रकार सांगितले. कालिदासाने 'कुमारसंभवा'त शिवपार्वतींच्या शृंगाराचे केलेले वर्णन उचित की अनुचित, याचा ऊहापोह आनंदवर्धनाने केला, आणि कवीच्या शक्तीमुळे तेथील अनौचित्य झाकले जाते असे म्हटले. म्हणजे विषय कोणता, याहून त्या विषयाचे रचनेत काय झाले, हा प्रश्न प्राचीनांनी महत्त्वाचा मानला होता. 'लिन्नोचेंते'त शृंगार करुणात परिणत होतो. 'ला क्यावे'त तो बहुतांशी स्वतःपाशीच थांबतो. मूळ ग्रंथाचा मोठेपणा रूपांतराला आपोआप लाभत नाही, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे.

६

येथवर आपण कायदा आणि कला या दोन बाजूंनी विचार केला. परंतु या दोहोंच्या वादात एक व्यक्ती सतत पडद्यावर असूनही विचारातून निसटली. ती म्हणजे नटी.

'टँगो'च्या चित्रणाच्या वेळी मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची होती. तिचा सहकलाकार मार्लन ब्रँडो पन्नाशीच्या जवळ आलेला होता. त्यातील बळजोरीच्या एका दृश्याचा तपशील आपणांस अगदी आयत्या वेळी सांगण्यात आला आणि त्यामुळे आपली मानखंडना झाली, असे तिने २००७ सालच्या एका मुलाखतीत सांगितले. २०११ साली तिचे निधन झाले. पुढे २०१३ साली बेर्तोलुच्चीने मान्य केले की, नटीची नव्हे तर एका मुलीची खरी प्रतिक्रिया आपणांस हवी होती, म्हणून तो तपशील तिला अगोदर सांगितला नव्हता. आता त्या खटल्याची आठवण करा. अनेक वर्षे, न्यायालयाच्या अनेक पायऱ्यांवर, प्रेक्षकांच्या लज्जेला बाधा आली की नाही याचा कीस काढण्यात आला. कलेचे पक्षपाती एका बाजूस, नीतीचे पक्षपाती दुसऱ्या बाजूस. त्या मुलीची संमती होती काय, हा प्रश्न निकालाचा विषय कधीच झाला नाही. व्याख्येतच त्याला जागा नव्हती.

हा केवळ चित्रपटांपुरता दोष नव्हता. त्याच दंडसंहितेत बलात्कार हा गुन्हा सार्वजनिक नीतिमत्ता व सदाचार यांविरुद्धच्या गुन्ह्यांत घातलेला होता. व्यक्तीविरुद्धचा गुन्हा म्हणून त्याला स्थान मिळाले ते १९९६ च्या फेब्रुवारीतील कायद्याने. समाजाची लाज आधी आणि स्त्रीची व्यक्तिता मागाहून, हा क्रम कायद्यातही होता आणि कलाविचारातही होता.

लाउरा आंतोनेल्लीचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९४१ साली पोला येथे जन्मलेली ही स्त्री प्रथम रोममध्ये शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होती. १९७३ च्या 'मालित्सिया' या चित्रपटाने ती एकदम प्रसिद्धीस आली, आणि त्यातील भूमिकेबद्दल तिला इटालियन चित्रपट-पत्रकारांचे पारितोषिकही मिळाले. विस्कोंतीच्या 'लिन्नोचेंते'तील जुलियाना तिनेच उभी केली; एत्तोरे स्कोला या दिग्दर्शकाच्या १९८१ च्या 'पास्सिओने दामोरे'तही ती होती. तिच्या अंगी अभिनयगुण होते याविषयी शंका नाही. परंतु बाजाराला तिच्यातील एकच गोष्ट हवी होती, आणि तीही १९७३ सालची. १९९१ साली त्याच जुन्या यशाचा पुढचा भाग काढण्यात आला. त्या वेळी तरुण दिसण्यासाठी केलेल्या उपचाराने आपला चेहरा बिघडला, अशी तिची तक्रार होती. त्याच वर्षी मादक द्रव्याच्या प्रकरणात तिला अटक झाली; नऊ वर्षांनी ती निर्दोष ठरली, आणि लांबलेल्या खटल्याबद्दल राज्याला तिला भरपाई द्यावी लागली. २०१५ साली रोमजवळच्या लादिस्पोली गावी, लोकांपासून दूर राहत असताना, तिचे निधन झाले.

सर्वच नटींची गत अशी झाली असे मात्र समजू नये. सांद्रेल्ली 'ला क्यावे'पूर्वीही मान्यवर होती आणि नंतरही राहिली. २००५ साली व्हेनिसच्या महोत्सवात जीवनगौरव म्हणून तिला सुवर्णसिंह देण्यात आला. तिने ती भूमिका स्वीकारली तेव्हा तिच्यामागे वीस वर्षांची कारकीर्द होती, आणि नाही म्हणण्याची ताकद होती. एकोणीस वर्षांच्या मुलीजवळ ती ताकद नव्हती. दोन दृश्ये सारखीच मोकळी असतील. पण त्यांच्या निर्मितीतील हा फरक पडद्यावर दिसत नाही.

७

कलाकृती की अश्लील, हा पेच आपल्याकडेही येऊन गेला आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिच्यावरील खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९६९ साली त्या न्यायालयाने लेखकास दोषमुक्त केले. त्याच वर्षी भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमात दुरुस्ती होऊन शास्त्र, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनास अपवाद मिळाला. ही दुरुस्ती स्वागतार्हच होती. मात्र कथा आणि चित्रपट यांत एक मूलभूत भेद आहे, तो या चर्चेत नेहमी सुटतो. कथेतील नायिका शब्दांची बनलेली असते. तिच्यावर लेखकाने काहीही गुदरविले तरी कोणा जिवंत माणसाला इजा होत नाही. चित्रपटातील नायिकेमागे एक जिवंत स्त्री उभी असते. म्हणून साहित्यासाठी जे स्वातंत्र्य आपण मागतो, ते मूळ ग्रंथाच्या नावावर चित्रपटाला जसेच्या तसे देता येत नाही.

साहित्यावर आधारलेल्या चित्रपटांचे परीक्षण करताना, किंवा वरच्या वर्गांत त्यांविषयी बोलण्याचा प्रसंग आल्यास, तीन प्रश्न क्रमाने विचारावेत असे मला वाटते. पहिला, मूळ कृतीचे नाव येथे आधार म्हणून आले आहे की ढाल म्हणून? दुसरा, शृंगाराच्या दृश्याने पात्रांविषयीची आपली समजूत पालटते काय? हे दोन प्रश्न आपले जुने साहित्यशास्त्र आपणांस शिकवितेच. तिसरा प्रश्न नवा आहे, आणि तो यंत्रयुगाच्या कलेने निर्माण केला आहे : ही प्रतिमा ज्या व्यक्तीच्या देहातून घडली, तिला काय घडणार हे ठाऊक होते काय, आणि नकार देण्याची मुभा होती काय? इटलीतील न्यायालयांनी व समीक्षकांनी पहिल्या दोन प्रश्नांवर वर्षेच्या वर्षे घालविली. तिसऱ्याचे उत्तर मिळावयास चाळीस वर्षे लागली, आणि तेव्हा ते ऐकावयास मारिया श्नायडर हयात नव्हती. विद्यार्थ्यांना चित्रपट पाहण्यास शिकवावयाचे असेल, तर हा प्रश्न मागाहून नव्हे, प्रारंभीच विचारण्याची सवय आपण शिक्षकांनी त्यांना लावली पाहिजे.